जुन्या ट्रॅक्टरचा जीर्णोद्धार : रंगाची मैत्री व टाकीची निगा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळें, घाट आणि विहिरी यांनाच लावण्याची रूढि आहे. यंत्राचा जीर्णोद्धार म्हटलें कीं पुष्कळांना हंसूं येईल. परंतु ज्या लोखंडानें एका पिढीचें अन्न पिकविलें, त्याची विल्हेवाट भंगारवाल्याच्या तराजूनें न लावतां त्यास पुनः चालतें करावें, असें वाटणारीं माणसें इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका या देशांत पुष्कळ आहेत. आणि आपल्याकडेही अशीं माणसें आतां भेटूं लागलीं आहेत. त्यांच्या उद्योगाच्या दोनच अंगांविषयीं येथें लिहावयाचें आहे. एक डोळ्यांस दिसणारें, म्हणजे रंग. दुसरें न दिसणारें, म्हणजे इंधनाची टाकी. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक यांसाठीं मिस्त्री बोलाविला जातो. रंग व टाकी मात्र 'त्यांत काय एवढें' म्हणून घरच्या मंडळींच्या, बहुधा सुटींत आलेल्या तरुणांच्या, हातीं सोंपविलीं जातात. आणि जीवावर बेतण्याचा संभव अधिक असतो तो नेमका येथेंच.

उदाहरणादाखल एक प्रसिद्ध ट्रॅक्टर घेऊं. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडांतील डाउन परगण्यांत १८८४ सालीं जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ सालीं स्वतः बांधलेल्या विमानांतून उडण्याचा पराक्रम करून तो पुढें शेतीच्या अवजारांकडे वळला. नांगर हा ट्रॅक्टरमागें गाडीसारखा ओढीत नेण्याऐवजीं तीन सांध्यांनीं व तेलाच्या दाबानें तो ट्रॅक्टरशीं एकजीव करावा, ही त्याची कल्पना आज जगांतील बहुतेक ट्रॅक्टरांवर दिसते. त्याचा टी-ई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून १९५६ पर्यंत कॉव्हेंट्री येथील बॅनर लेनच्या कारखान्यांत स्टँडर्ड मोटर कंपनीनें बांधला. एकूण संख्या पांच लाखांवर गेली. रंग एकच, राखी. त्यामुळें इंग्लंडांतील शेतकरी त्यास लाडानें 'लिट्ल ग्रे फर्गी' म्हणत. ४ जानेवारी १९५८ रोजीं सर एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोंचले ते याच जातीच्या तीन ट्रॅक्टरांसह. इतकें सांगण्याचें कारण असें कीं, अशा यंत्राविषयीं लोकांना ममता कां वाटते हें वाचकांस कळावें. नुसत्या हौसेनें कोणी वर्षभर गंज घांशीत बसत नाहीं.

आतां असा ट्रॅक्टर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर हातीं येतो तो कशा स्थितींत? कारखान्याच्या रंगावर पहिल्या धन्यानें ब्रशानें एक हात फिरविलेला, दुसऱ्यानें विक्रीपूर्वीं आणखी एक, तिसऱ्यानें उरलेला घरचा रंग फांसलेला. हे थर कोणत्या जातीचे, याची नोंद कोठेंही नसते. आपल्या घरांत पत्रिका पाहिल्यावांचून सोयरीक होत नाहीं. पण रंगाच्या बाबतींत मात्र डबा उघडून थेट मंगलाष्टकें म्हणण्याची आपली तयारी असते! आणि मग दुसऱ्या दिवशीं सकाळीं बॉनेटवर सुरकुत्या दिसल्या कीं दोष दुकानदारास.

रंग म्हणजे रंगद्रव्य, त्यास धरून ठेवणारी राळ आणि त्या राळेस पातळ करणारें द्रावक, या तिघांचा मेळ होय. भांडण लागतें तें बहुधा द्रावकामुळें. जुन्या यंत्रांवर मुख्यतः दोन कुळींचे रंग आढळतात. पहिलें कुळ सेल्युलोज लॅकरचें. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें १९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत 'ड्युको' या नांवानें हा रंग मोटारींसाठीं बाजारांत आणिला. आपल्याकडे मोटारीवर फवाऱ्यानें मारलेल्या कोणत्याही रंगास कारागीर 'ड्युको' म्हणत आले, तें याच नांवावरून. हा रंग वाळतो म्हणजे त्यांतील द्रावक उडून जातें, याखेरीज दुसरें कांहीं घडत नाहीं. म्हणूनच वर्षानुवर्षांनींही थिनरचा बोळा फिरविल्यास तो विरघळून बोळ्यास लागतो.

दुसरें कुळ अल्किड एनॅमलचें. दुकानांत 'सिंथेटिक एनॅमल' म्हणून मिळतो तो हाच. याच्या राळेंत जवसासारख्या वाळणाऱ्या तेलाचा अंश गुंफलेला असतो, आणि म्हणून त्याचें वाळणें दोन टप्प्यांनीं होतें. प्रथम टर्पेंटाइन उडून जातें. त्यास कांहीं तास पुरतात. नंतर तो हवेंतील प्राणवायु ओढून घेऊं लागतो व त्याचे धागे एकमेकांत विणले जातात. ही विणकर पुरी होण्यास कित्येक दिवस, थंड व दमट हवेंत तर कित्येक आठवडे लागतात. बोट लावून पाहिलें तर रंग वाळलेला वाटतो, पण आंतून तो कोंवळाच असतो.

अशा कोंवळ्या एनॅमलवर सेल्युलोजचा रंग मारला म्हणजे काय होतें? सेल्युलोजचें थिनर प्रखर असतें. तें खालच्या थरांत शिरतें. थर विरघळत तर नाहीं, पण फुगतो. आणि फुगल्यावर पसरण्यास जागा नसल्यामुळें, तापल्या दुधावरची साय फुंकरीनें सुरकुतावी तसा सुरकुततो. पुष्कळ वर्षें मुरलेल्या एनॅमलचाही याबाबत भरंवसा धरूं नये. उलट बाजूनें मात्र सहसा अडचण येत नाहीं. चांगल्या वाळलेल्या सेल्युलोजवर टर्पेंटाइनचा सौम्य एनॅमल सुखानें बसतो. प्रखरावर सौम्य चालतें, सौम्यावर प्रखर चालत नाहीं, इतकें ध्यानांत ठेविलें तरी निम्मे अपघात टळतील.

उरलेले निम्मे मात्र एकाच डब्यांतील रंगाचे असतात, आणि हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं. एनॅमलचा पहिला हात दिल्यावर दुसरा हात एक तर पहिल्या कांहीं तासांत द्यावा, नाहीं तर विणकर पुरेशी होईपर्यंत थांबावें. या दोहोंच्या मधल्या काळांत दिलेला हात स्वतःच्याच भावास सुरकुतवितो. हा मधला काळ कोणता, तें प्रत्येक डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तीं अक्षरें चष्मा लावून वाचावींत. तसेंच थिनरही त्याच रंगाचें घ्यावें. 'थिनर म्हणजे थिनर' हा सिद्धांत शेजारच्या रंगाऱ्याचा असला तरी तो खोटा आहे.

खालचा रंग कोणत्या कुळीचा हें ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. मडगार्डच्या आंतल्या बाजूस, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं अशा ठिकाणीं, सेल्युलोजच्या थिनरनें भिजविलेला पांढरा फडका पांच मिनिटें ठेवावा. रंग विरघळून फडक्यास आला तर सेल्युलोज. सुरकुतला किंवा फुगला तर एनॅमल. कांहींच झालें नाहीं तर भट्टींत भाजलेला किंवा दोन भाग मिसळून केलेला कठीण रंग. मधल्या प्रकारांत माझें मत असें कीं, अर्धवट घांसून वर नवीन थर चढविण्याच्या मोहांत न पडतां तो भाग नागव्या लोखंडापर्यंत उतरवावा व तेथून आरंभ करावा. काम तिप्पट होतें खरें, पण दोनदां होत नाहीं.

परंतु उतरविण्यापूर्वीं दोन गोष्टींचा विचार अवश्य करावा. पहिली अशी कीं, मूळ कारखान्याचा रंग जेथें अद्याप टिकून आहे तेथें तो उतरवावाच कां? इंग्लंडांत हल्लीं झगझगीत रंगविलेल्या ट्रॅक्टरापेक्षां, तेलकट फडक्यानें पुसून जसाच्या तसा राखलेला ट्रॅक्टर अधिक मोलाचा मानणारा एक पक्ष आहे, आणि मला तो पक्ष पटतो. रंग पुनः केव्हांही देतां येतो. मूळचा एकदांच असतो.

दुसरी गोष्ट मुलांची. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव मोठा. आपण मारुतीस लावितों तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मासारखी एक संयुक्त अवस्था. हाच शेंदूर जवसाच्या तेलांत खलून लोखंडावर गंज न चढावा म्हणून पहिला हात देण्याची चाल जगभर होती. पिवळ्या व नारिंगी रंगांतही शिशाचे क्षार असत. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ सालीं झाले. म्हणजे त्यापूर्वींच्या कोणत्याही थरास निर्दोष समजतां येत नाहीं. असा रंग कोरडा घांसला कीं त्याची धूळ अंगणभर उडते, वाळत घातलेल्या धुण्यावर बसते, आणि रांगत्या मुलाच्या हातांतून तोंडांत जाते. शिशाचें अमुक प्रमाण मुलांस निरुपद्रवी, असें जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाहीं. त्यानें बुद्धीची वाढ खुंटते व ती हानि भरून येत नाहीं. म्हणून हें काम घराजवळ करावयाचें तर पाणी लावूनच घांसावें, खालीं कागद अंथरून चिखल गोळा करावा, आणि घांसणाऱ्यानें कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नये. गरोदर स्त्रिया व लहान मुलें यांना त्या दिवसांपुरतें तिकडे फिरकूं देऊं नये. आजोबांच्या ट्रॅक्टरसाठीं नातवाची बुद्धि गहाण टाकणें हा कसला जीर्णोद्धार!

नव्या दोन-भागी रंगांविषयींही येथेंच सांगावयास हवें. त्यांत मुख्य रंग निराळा व 'हार्डनर' निराळा असतो. दोन्ही मिसळल्यावर कांचेसारखा कठीण थर होतो, ज्यावर पेट्रोल सांडलें तरी डाग पडत नाहीं. चमक पाहून कोणीही भुलेल. पण यांपैकीं बहुतेकांच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें, आणि साध्या एनॅमलची चमक वाढावी म्हणून त्यांत घालावयास मिळणाऱ्या हार्डनरमध्येंही तेंच असतें. फवाऱ्याच्या तुषारांतून तें फुप्फुसांत गेल्यास दमा जडतो. एकदां जडल्यावर पुढें अत्यल्प संपर्कही पुरतो. ब्रिटनमध्यें धंद्यांतून होणाऱ्या दम्याचें हें एक प्रमुख कारण मानलें गेलें आहे. याचा वास येऊन सावध व्हावें म्हणावें तर अपायकारक प्रमाण गांठल्यावरही वास येत नाहीं. नाकावर रुमाल, किंवा बाजारांतील साधा मुखवटा, येथें कुचकामी आहे. बाहेरून नळीनें शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच लागतो. तो ज्यांच्याजवळ नाहीं त्यांनीं हा रंग सजविलेल्या रंगशाळेंत देऊन करवून घ्यावा. घरच्या अंगणांत, हार्डनर न घालतां, चांगल्या ब्रशानें दिलेला साधा सिंथेटिक एनॅमल मला शतपट पसंत आहे. दहा पावलांवरून पाहणाऱ्यास तो कमी दिसत नाहीं.

त्याचा दोष एक, आणि तो आपणांस टाकीकडे घेऊन जातो. पेट्रोल सांडल्यास हा रंग मऊ पडतो. फर्ग्युसनची टाकी बॉनेटखालीं, इंजिनच्या माथ्यावर असते. इंधन ओततांना चार थेंब ओघळणें ठरलेलेंच. म्हणून नवा रंग दिल्यावर निदान महिनाभर तरी तोंडापाशीं पेट्रोल लागूं देऊं नये, पुढेंही नरसाळें वापरावें व ओघळ तत्काळ पुसावा.

टाकीस हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट पक्की मनांत बिंबवावी: पेट्रोलची रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीहून भयंकर असते. पेट्रोल पेटतें म्हणतो तेव्हां पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेंत शेंकडा दीडपासून साडेसात भागांपर्यंत मिसळलेली असेल तेव्हां. भरलेल्या टाकींत वर थोडीशी जागा असते व तेथें हवा अपुरी पडते. ओतून रिकामी केलेल्या टाकींत मात्र सांध्यांत, गंजाच्या पापुद्र्यांत चमचाभर पेट्रोल राहतें, आणि तेवढें सगळी टाकी स्फोटक करण्यास पुरतें. ही वाफ हवेहून तिपटी-चौपटीनें जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व खड्ड्यांत सांचते. 'दहा वर्षें कोरडी पडली आहे, आतां काय आहे त्यांत?' असें म्हणून गळक्या टाकीस डाग देण्यासाठीं दिवा लावणारे लोक अनेक देशांत मेले आहेत. डिझेलच्या टाकीसही हा नियम लागू आहे. थंड डिझेल सहजीं पेट घेत नसलें तरी ज्योतीच्या उष्णतेनें आंतील अवशेषांची वाफ होते. घरीं टाकीवर ज्योत, वेल्डिंग, ग्राइंडर, विजेचा ड्रिल यांपैकीं कांहींही चालवूं नये. झाळकाम करावयाचें तर ज्याच्याजवळ वाफेनें टाकी धुण्याची व तींत निष्क्रिय वायु भरण्याची सोय आहे अशाच कारागिराकडे ती न्यावी.

गंज काढण्याचें काम मात्र घरीं नीट होतें. प्रथम उघड्या जागीं, विस्तवापासून दूर, साबणाच्या ऊन पाण्यानें टाकी अनेकदां खंगाळावी. मग आंत हातभर बारीक सांखळी घालून टाकी हलवावी, म्हणजे पापुद्रे सुटतात. कित्येकजण सुटे नट घालतात. ते बाहेर काढतांना मोजावे लागतात आणि एक तरी आंत राहतोच. सांखळी बरी. नंतर दोन मार्ग आहेत. एक विजेचा: टाकी काठोकाठ पाण्यानें भरावी, दर चार-पांच लिटरांस मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा, बॅटरी भरण्याच्या यंत्राचें ऋण टोंक टाकीस व धन टोंक आंत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईस जोडावें. सळई टाकीस कोठेंही टेकतां कामा नये. स्टेनलेस पोलादाची सळई घेऊं नये, तिच्यांतून विषारी क्रोमियम पाण्यांत उतरतें. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो, तेव्हां काम उघड्यावर करावें आणि चिमटे काढण्याआधीं यंत्राचें बटण बंद करावें.

दुसरा मार्ग संथ, पण आपल्या ऊसपट्ट्यांतील वाचकांस फुकटासारखा: साखर कारखान्याची मळी. एक भाग मळी व नऊ-दहा भाग पाणी टाकींत भरून दोन-तीन आठवडे ठेवावें. मळींतील द्रव्यें गंजास धरून पाण्यांत ओढतात; शाबूत लोखंडास फारसा उपद्रव होत नाहीं. ॲल्युमिनियमची तोटी वगैरे असल्यास आधीं काढावी, कारण ती मात्र खाल्ली जाते. वास असह्य येतो, म्हणून टाकी वाड्याच्या अगदीं मागच्या टोंकास ठेवावी! कोणताही मार्ग धरला तरी शेवटीं स्वच्छ पाण्यानें धुऊन टाकी ताबडतोब वाळवावी. पावसाळ्यांत तासाभरांत नव्या गंजाची तांबूस झांक येते.

मौज अशी कीं, ज्या मळीनें टाकीचा गंज निघतो तिच्यापासूनच बनणारा मद्यार्क आज त्याच टाकीचा शत्रु होऊन बसला आहे. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साधारण पेट्रोलांत शेंकडा दहापर्यंत इथेनॉल येऊं लागलें. आपल्याकडे २०२५ पर्यंत हें प्रमाण वीसपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि पाण्याचें प्रमाण वाढलें कीं दोघे मिळून पेट्रोलपासून विभक्त होऊन तळाशीं बसतात, म्हणजे जेथें गंज चढावयाचा तेथेंच. जुन्या रबराच्या नळ्या त्यानें फुगतात. शिवाय त्या काळच्या यंत्रांत बुचाच्या तरंगत्या गोळ्यांस व पट्ट्यांस लाखेचा लेप असे. लाख मद्यार्कांत विरघळते हें आपल्याकडील सुतारास पॉलिश करितांना रोज दिसतें. तो विरघळलेला लेप कार्बुरेटरच्या सुईसारख्या छिद्रांत चिकटतो, आणि मिस्त्री इंजिनांत दोष शोधीत बसतो.

टाकीस आंतून लावावयाचे जे लेप बाजारांत मिळतात त्यांचीही हीच कथा. पूर्वींच्या कांहीं लेपांस इथेनॉल सोसत नाहीं. ते मऊ होऊन सालीसारखे सुटतात व तोटी बुजवितात. गंजावर किंवा ओलसर पत्र्यावर चढविलेला नवा लेपही पुढें सुटतोच. माझ्या मतें शाबूत टाकीस लेप लावूंच नये. सुईच्या अग्राएवढीं छिद्रें असतील तेव्हांच, इथेनॉल सोसणारा म्हणून डब्यावर स्पष्ट लिहिलेला लेप, पूर्ण वाळलेल्या टाकीस लावावा. जुन्या टाकीखालीं गाळ बसण्याची कांचेची वाटी असते, तीच खरी रखवालदार. तिच्यांत तांबडी पूड किंवा पाण्याचा थेंब दिसला कीं टाकीचें वर्तमान कळलें. फर्ग्युसनमध्यें इंधन पंपाशिवाय आपल्या वजनानेंच खालीं उतरतें, त्यामुळें पंपाच्या मोटारीसाठीं केलेली आजची बारीक गाळणी मध्यें बसविल्यास इंजिन उपाशी राहतें.

ट्रॅक्टर अर्धा तास नीट चालून बंद पडावा, दहा मिनिटांनीं आपोआप पुनः सुरू व्हावा, आणि हा क्रम चालूच राहावा, असें झाल्यास टाकीचें झांकण पाहावें. त्यांत हवा आंत येण्याचें बारीक छिद्र असतें. उत्साही रंगाऱ्यानें तें रंगानें बुजविलेलें असतें.

आपल्याकडील जुने ट्रॅक्टर बहुतेक डिझेलचे. १९६३ सालीं महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारींत मुंबईस निघालेल्या कंपनीचा बी-२७५ आजही कित्येक गांवीं गोठ्याच्या आडोशास उभा दिसतो. त्याच्या टाकीस इथेनॉलची भीति नाहीं, पण पाण्याची आहे. अर्धी रिकामी टाकी रात्रीं गार झाली कीं आंतील हवेंतील ओलावा पत्र्यावर दंवासारखा जमून तळाशीं उतरतो, आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु व बुरशी वाढून काळा चिकट साका होतो. म्हणून चातुर्मासांत उभा राहणारा पेट्रोलचा ट्रॅक्टर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवावा, आणि डिझेलचा मात्र टाकी गळ्यापर्यंत भरून. पावसाळा सरल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वीं, ट्रॅक्टर रात्रभर हलविलेला नसतांना, सकाळीं खालचें बूच सैल करून पेलाभर डिझेल कांचेच्या भांड्यांत काढावें. पाणी असेल तर तें तळाशीं निराळें दिसतें. तें येणें थांबेपर्यंत काढीत जावें.